जे पुरले त्याचा प्रवास : प्रस्तावना

आपल्याकडे जुन्या घरांच्या परसात उकिरडा असे, आणि त्याच्याशी घरातल्या माणसांचा व्यवहार जितका निःशंक होता तितका तो क्वचितच दुसऱ्या कशाशी असेल. शेण, राख, केर, भाजीची देठे, गोठ्यातला गदाळा, जे म्हणून घराला नकोसे झाले ते तेथे नेऊन टाकावे, त्यावरून एखाददुसरा पावसाळा जाऊ द्यावा, आणि मृगाच्या आधी तेच गाडीत भरून शेतावर पसरावे, की ज्याची किळस होती त्याचेच खत झालेले असे. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्यात म्हण आहे. तिचा रोख माणसाच्या नशिबाकडे असला तरी तिच्या तळाशी मातीविषयीचा एक पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, तो असा की जमीन जे पोटात घेते ते पोटात घालते, आणि त्यासाठी तिला फक्त मुदत द्यावी लागते. तो अनुभव खोटा नव्हता. पण तो शेणाचा आणि राखेचा अनुभव होता. बॅटरीतल्या शिशाचा, चामडे कमावताना वापरलेल्या क्रोमियमचा, रंगांतल्या आणि सफाईच्या द्रव्यांतल्या द्रावकांचा तो नव्हता. पुरण्याची क्रिया तीच राहिली, पुरण्याची वस्तू बदलली, आणि जमिनीवरचा विश्वास मात्र आम्ही जुन्याच वस्तूच्या आधारावर पुढे चालवला. हा विश्वास किती पोचतो आणि कोठे संपतो, याची मोजणी करण्याचे जे एक शास्त्र गेल्या काही दशकांत उभे राहिले, त्याची ओळख करून देण्यासाठी हे पुस्तक आहे.

ज्या प्रकरणाने हा प्रश्न जगाच्या चव्हाट्यावर आणला ते अमेरिकेतले आहे, आणि त्याचा तपशील येथे दिल्यावाचून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स या शहरी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लव्ह नावाच्या गृहस्थाने एक कालवा खणायला घेतला होता, तो अर्धवटच राहिला. १९४२ ते १९५३ या काळात हूकर केमिकल कंपनीने त्या खड्ड्यात सुमारे २१,००० टन रासायनिक टाकाऊ माल पुरला, वर चिकणमातीचा थर दिला, आणि १९५३ साली ती जमीन तेथील शाळामंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात खाली काय पुरले आहे याचा उल्लेख होता आणि पुढच्या कोणत्याही नुकसानीची जबाबदारी कंपनीवर नाही असे कलमही होते. तेथे शाळा उभी राहिली, भोवती घरे आली, रस्त्यांसाठी आणि गटारांसाठी तो चिकणमातीचा थर ठिकठिकाणी फोडला गेला. पुढे पावसाळी वर्षांत तळघरांच्या भिंतींतून काळे, उग्र वासाचे पाणी पाझरू लागले, आणि ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली. शेकडो कुटुंबे घरे सोडून गेली. या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट आहे ती अंतर आणि काळ यांची. पुरलेल्या द्रव्याने कापलेले अंतर थोडे होते, पण तेवढे कापायला त्याने जो काळ घेतला, तेवढ्यात दफ्तरे बदलली, मालक बदलले, आणि खाली काय आहे हे ज्यांना ठाऊक होते ती माणसे निघून गेली.

मातीतला प्रवास इतका हळू का, आणि हळू असूनही अटळ का, हे समजण्यासाठी १८५५ या एकाच सालाकडे वळावे लागते. त्या वर्षी फ्रान्समधल्या दिजाँ शहराला पाणी पुरवणारा अभियंता आंरी दार्सी याने तेथील रुग्णालयाच्या आवारात लोखंडी नळाचा अडीच मीटर उंचीचा स्तंभ उभा केला, त्यात सोन नदीची वाळू भरली, आणि वरून पाणी सोडून ते खाली किती निघते याच्या नोंदी घेतल्या. त्याला गाळणीचा आराखडा ठरवायचा होता; हाती लागला तो भूजलशास्त्राचा पाया. वाळूतून पाणी वाहते ते वरच्या आणि खालच्या दाबातल्या फरकाच्या प्रमाणात, आणि वाळूच्या थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात, हा त्याचा नियम १८५६ साली दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरील त्याच्या ग्रंथाच्या एका परिशिष्टात छापला गेला. त्याच १८५५ साली झुरिकमध्ये आडोल्फ फिक या तरुण शरीरशास्त्रज्ञाने नळीच्या तळाशी मिठाचा संपृक्त द्राव आणि वर गोडे पाणी अशी योजना करून दाखवून दिले, की पाणी अगदी निश्चल असले तरी मीठ दाटीकडून विरळाईकडे आपोआप चालू लागते, आणि त्या चालीलाही नियम आहे. एकाला शहराच्या पाण्याची चिंता होती, दुसऱ्याला शरीरातल्या पटलांतून द्रव्ये कशी पार होतात याचे कुतूहल; एकमेकांचे काम ते जाणत होते असे मानायला काही आधार नाही. पण जमिनीत पुरलेल्या विषाचा जो काही प्रवास होतो तो या दोन नियमांच्या जोडीने होतो. पाणी त्याला वाहून नेते, आणि पाणी नेत नसेल तर ते स्वतः पसरत जाते. पहिल्याला वहन म्हणतात आणि दुसऱ्याला विसरण.

या दोहोंतले दुसरे, म्हणजे विसरण, किती चिवट आहे याची कल्पना एका हिशेबावरून येईल. आपल्या देशात शहरी घनकचऱ्याविषयी २००० साली जे नियम झाले, त्यांत क्षेपणभूमीच्या, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेच्या, तळाशी प्लास्टिकची दीड मिलिमीटर जाडीची चादर आणि तिच्या खाली ९० सेंटिमीटर चिकणमातीचे अस्तर सांगितले होते, आणि त्या मातीची पार्यता, म्हणजे पाणी पार होऊ देण्याची तिची गती, सेकंदाला एक कोट्यंश सेंटिमीटरहून अधिक असू नये अशी अट होती. एवढ्या घट्ट मातीतून वर्षभरात जे पाणी पार होईल त्याचा थर तीन-सव्वातीन सेंटिमीटरांचा भरतो, म्हणजे वहनाचा बंदोबस्त पुष्कळसा झाला असे म्हणता येते. पण क्लोराइडसारखा क्षार, जो मातीच्या कणांना चिकटत नाही, त्याची चिकणमातीतली विसरणाची जी गती प्रयोगांनी ठरली आहे ती धरली, तर पाण्याचा एक थेंबही न हलता ९० सेंटिमीटरांपलीकडे त्याची पुढची फळी पोचायला अंदाजाने पंचवीस-तीस वर्षे पुरतात. वरची चादर धड असेल तर क्षार बव्हंशी तिच्यापाशीच अडतील हे खरे; पण रंगांतले आणि सफाईच्या द्रव्यांतले सेंद्रिय द्रावक त्या चादरीतूनही रेणूरेणूने पार होतात, आणि ती अंथरताना पडलेले एखादे भोक पुढे कोणाला दिसत नाही. त्याच नियमांत क्षेपणभूमी बंद केल्यावर तिची निगराणी किमान १५ वर्षे करावी असे म्हटले होते. म्हणीने उकिरड्याला बारा वर्षे दिली, नियमाने पंधरा दिली. मातीचा स्वतःचा हिशेब त्याच्या दुपटीने चालतो.

तेव्हा अस्तर टाकण्यापूर्वीच त्याचे तीस वर्षांनंतरचे, शंभर वर्षांनंतरचे वर्तन कळायला हवे. ते कळण्याचा एक मार्ग गणिताचा. वहन आणि विसरण एकत्र मांडणाऱ्या समीकरणाची ओगाटा आणि बँक्स यांनी १९६१ साली दिलेली उकल आजही प्रत्येक विद्यार्थी प्रथम शिकतो, आणि आता गणकयंत्रे त्याहून पुष्कळ गुंतागुंतीची उदाहरणे सोडवतात. पण गणिताला जे आकडे पुरवावे लागतात, ते मातीपासूनच मिळवावे लागतात; आणि आपण घातलेल्या आकड्यांपलीकडचे असे गणित काही सांगत नाही, जे न सुचलेले ते त्यात येत नाही. दुसरा मार्ग प्रत्यक्ष जमिनीवर प्रयोग करण्याचा. कॅनडातल्या बॉर्डन येथे ऑगस्ट १९८२ मध्ये संशोधकांनी सुमारे १२ घनमीटर पाणी, त्यात क्लोराइड, ब्रोमाइड आणि पाच सेंद्रिय द्रव्ये मोजून मिसळून, वाळूच्या भूजलस्तरात सोडले आणि हजारो बिंदूंवरून नमुने घेत तीन वर्षे त्याचा माग काढला. क्लोराइड पाण्याबरोबर चालत गेले, सेंद्रिय द्रव्ये वाळूच्या कणांना चिकटत, सुटत, मागे रेंगाळली. त्या प्रयोगाइतका डोळसपणा विरळा, आणि त्याचे ऋण या विषयातला प्रत्येक जण मान्य करतो. तरी तीन वर्षे म्हणजे काही तीस वर्षे नव्हेत, आणि वाळू म्हणजे चिकणमाती नव्हे. चिकणमातीत तोच प्रयोग करणाऱ्याला तो पुरा झालेला पाहायला आयुष्य उरत नाही.

तिसरा मार्ग प्रतिकृतीचा, आणि येथे वाचकाने थोडे थांबून एक अडचण नीट समजून घ्यावी, कारण या पुस्तकाचा सारा कणा तीत आहे. समजा दहा मीटर जाडीच्या थराची आपण दहा सेंटिमीटरांची, म्हणजे शंभरपट लहान, प्रतिकृती त्याच मातीची करून टेबलावर ठेवली. पाण्याचा वेग माती तीच असल्याने तोच राहील, वाट शंभरपट आखूड झाली, म्हणून वहनाला लागणारा काळ शंभरपट कमी होईल. विसरणाचे मात्र तसे नाही. त्याला लागणारा काळ अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून तो दहा हजारपट कमी होईल. म्हणजे मूळ जमिनीत जे दोघे बरोबरीने चालत होते, त्यांतला एक टेबलावर धावू लागतो आणि दुसरा मागे पडतो, आणि अशी प्रतिकृती दिसायला मूळ जमिनीसारखी असूनही साक्ष मात्र खोटी देते. दार्सीचा नियम आणि फिकचा नियम यांची चाल पुन्हा जुळवायची, तर पाण्याचा वेगही शंभरपट वाढला पाहिजे. तो वाढवायचा कसा?

याचे उत्तर एका फ्रेंच माणसाला, अगदी वेगळ्या प्रश्नाच्या ओघात, आधीच सुचले होते. एदुआर फिलिप्स याने १८६९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले, की मोठ्या पुलाची लहान प्रतिकृती स्वतःच्या भाराने मूळ पुलासारखी वाकत नाही, कारण तिचा भार लहान झालेला असतो; ती जर वेगाने फिरणाऱ्या यंत्राच्या टोकाला बांधली, तर केंद्रोत्सारी प्रेरणेने तिचा भार हवा तितका वाढवता येईल. ही सूचना साठ वर्षे कागदावरच राहिली. १९३१ साली अमेरिकेत बकी याने खाणींच्या छतांसाठी, आणि त्याच सुमारास रशियात पोक्रोव्स्की व दाविदेन्कोव्ह यांनी, ती अमलात आणली. पुढे केंब्रिजला अँड्र्यू स्कोफील्ड यांनी तिला मृदाशास्त्रात मानाचे स्थान दिले. पुलासाठी निघालेली ही युक्ती झिरपणाऱ्या पाण्याला तंतोतंत लागू पडते. प्रतिकृती पृथ्वीच्या शंभरपट आकर्षणात ठेवली की तिच्यातल्या पाण्याचे वजन शंभरपट होते, त्याला खाली ओढणारा जोर शंभरपट होतो, वेग शंभरपट होतो, आणि वाट शंभरपट आखूड असल्यामुळे वहनाचा काळही दहा हजारपट कमी होतो, म्हणजे विसरणाच्या काळाशी तो बरोबर जुळतो. मूळ जमिनीतले एक वर्ष यंत्रात सुमारे त्रेपन्न मिनिटांत उरकते. तीस वर्षे एका दिवसाहून थोड्या अधिक काळात. आणि नुसते पाणी नव्हे, वर रचलेल्या कचऱ्याच्या डोंगराचा भार, त्याखाली दबत जाणारी माती, भूजलपातळीच्या वर केशाकर्षणाने ओली राहिलेली जमीन, ही सगळी एकाच प्रमाणात, आपापल्या जागी राहतात. नुसता दाब देऊन स्तंभातून पाणी रेटण्याने हे साधत नाही. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अरुळानंदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली, आणि केंब्रिजच्या हेन्सली व स्कोफील्ड यांनी १९९१ साली, प्रदूषकांच्या प्रवासावर या पद्धतीचे जे लेख प्रसिद्ध केले, ते वाचताना मला प्रथम जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही.

आपल्याकडे असे मोठे यंत्र, म्हणजे सेंट्रिफ्यूज, पवईला, आयआयटीत आहे. साडेचार मीटर त्रिज्येचा त्याचा बाहू, आणि शंभरपट आकर्षणात अडीच टनांचा नमुना पेलण्याची त्याची ताकद. त्या त्रिज्येवर शंभरपट आकर्षण आणायचे तर मिनिटाला सुमारे १४० फेरे पडतात, आणि टोकाला टांगलेली पेटी ताशी सुमारे २४० किलोमीटरांच्या वेगाने फिरत राहते. त्या यंत्रावर क्षेपणभूमीच्या अस्तरांचा एक विशेष प्रश्न अभ्यासला गेला आहे, तो म्हणजे खालचा कचरा कुजून असमान खचला की वरचे मातीचे आच्छादन कोठे व किती वाकल्यावर तडकते. आणि लहान सेंट्रिफ्यूजवर मातीची पार्यता व प्रदूषकांचे वहन मोजण्याचे कामही त्या संस्थेतून प्रसिद्ध झालेले आहे.

आता या पद्धतीच्या मर्यादा. त्या मी मुद्दाम विस्ताराने सांगणार आहे, कारण सेंट्रिफ्यूजचे कौतुक करणाऱ्या लेखनात त्या बहुधा एका वाक्यात आटोपलेल्या दिसतात, आणि ज्या आकड्यावर एखाद्या गावाच्या विहिरीचे भवितव्य अवलंबून आहे त्याच्या मर्यादा एका वाक्यात आटोपणे मला अप्रामाणिक वाटते. पहिली गोष्ट अशी की वजन वाढवल्याने रसायनांचे घड्याळ भरधाव चालत नाही. शिसे, कॅडमियम यांसारखे धातू चिकणमातीच्या कणांवर बसतात, याला अधिशोषण म्हणतात, आणि यामुळेच माती काही विषे खरोखर अडवून धरते. पण बसायला त्यांना काही काळ लागतो. मूळ जमिनीत तो काळ वर्षांच्या मानाने नगण्य असेल. यंत्रात, जेथे वर्ष त्रेपन्न मिनिटांचे आहे, तेथे तो नगण्य राहीलच असे नाही, आणि तेवढ्यापुरती प्रतिकृती जमिनीला तिच्या गुणांपेक्षा कमी गुण देते. जे विष जिवाणू खाऊन फस्त करतात त्याचे आणखीच वेगळे, कारण जिवाणूंच्या पिढ्या काही आकर्षणाने लवकर जन्मत नाहीत. किरणोत्सारी द्रव्याचे अर्धायुष्य तर कोणत्याच यंत्राला वाकत नाही. ज्या द्रव्याच्या आयुष्याचा हिशेब घड्याळाशी बांधलेला आहे, त्याचा ऱ्हास यंत्राबाहेर वेगळा मोजून गणितात घालावा लागतो.

दुसरी गोष्ट कणांची. मातीचे कण काही आपण शंभरपट लहान करत नाही. तीच माती वापरतो. पाणी कणांच्या मधल्या वाटांनी वळणे घेत जाते तेव्हा द्रव्य विखुरते, आणि हे विखुरणे कणांचा आकार व पाण्याचा वेग यांच्या गुणाकाराबरोबर वाढत जाते. चिकणमातीत कण इतके बारीक की वेग शंभरपट झाला तरी विसरणाचीच सत्ता टिकते आणि प्रतिकृती विश्वासार्ह राहते. जाड वाळूत किंवा मुरमात तसे नाही. तेथे यंत्रातले विखुरणे मूळ जमिनीपेक्षा अधिक होते, आणि वेग फारच वाढला तर दार्सीचा नियमही आपली हद्द सोडून जातो. म्हणून या कामात एक चांगला प्रघात आहे. त्याच मूळ जमिनीच्या दोन प्रतिकृती कराव्यात, एक दहा सेंटिमीटरांची शंभरपट आकर्षणात, दुसरी वीस सेंटिमीटरांची पन्नासपट आकर्षणात, आणि दोघींना एकच प्रश्न विचारावा. दोन साक्षीदारांची जबानी जुळली तर निदान मोजमापात प्रमाणाचा दोष शिरलेला नाही एवढे म्हणता येते. जुळली नाही, तर प्रयोग करणाऱ्याने आपले दफ्तर बंद करून मातीकडे पुन्हा वळावे.

तिसरी मर्यादा आपल्या मुलखाची आहे. परदेशी प्रयोगशाळांत जी कॅओलिनची पांढरी, एकजिनसी माती वापरतात, तिच्यासारखी शिस्त आमच्या जमिनीत नाही. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगून घट्ट मिटते, आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जून महिन्याच्या पहिल्या सरींचे पाणी कणांमधून नव्हे, त्या भेगांतून सरळ खाली उतरते, आणि पार्यतेचा प्रयोगशाळेतला आकडा त्या काही दिवसांपुरता निरर्थक ठरतो. तिच्या खाली मुरूम, मुरमाच्या खाली काळा पाषाण, आणि पाषाणात सांधे व चिरा. दख्खनच्या विहिरींचे पाणी पुष्कळसे त्या चिरांचेच. कोकणात आणि गोव्यात जांभा, जो नावाला दगड आणि आतून चाळणी. एखाद्या चिरेची शंभरपट लहान प्रतिकृती करणे म्हणजे तिची रुंदीही शंभरपट लहान करणे, आणि तशी चीर पाण्याला मूळ चिरेसारखी वाट देत नाही. पुण्याच्या कचऱ्याने ज्यांच्या विहिरींचे पाणी नासले, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांचा प्रश्न ज्याला प्रतिकृतीत मांडायचा असेल, त्याने आधी चिकणमातीपेक्षा या पाषाणाच्या सांध्यांची ओळख करून घेतली पाहिजे. हे काम अजून पुष्कळ व्हायचे आहे, आणि ते मराठी मुलखातल्या माणसांनी करावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण या जमिनीचा स्वभाव त्यांना नांगरापासून ठाऊक आहे.

मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला. ठाण्याच्या खाडीकाठच्या खाजणावर, खाली कोणतेही अस्तर न घालता, एकावर एक रचत गेलेल्या त्या टेकड्या जानेवारी २०१६ च्या आगीनंतर देशाला ठाऊक झाल्या. धूर दिसतो म्हणून. त्यांच्या तळातून काळे पाणी खाजणाच्या चिखलात किती खोल उतरले, हे दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीची आग कोणी विझवायला धावत नाही. पवईचे यंत्र तेथून फार लांब नाही. देवनारची शंभर वर्षे त्या यंत्रात चार दिवसांहून कमी वेळात बसतात.

परिभाषेविषयी दोन शब्द. जेथे मराठी शब्द रुळलेला आहे तेथे तोच घेतला आहे; सेंट्रिफ्यूजला केंद्रोत्सारी यंत्र म्हणावे असे मला वाटत होते, पण प्रयोगशाळेतला शिपाई आणि प्राध्यापक दोघेही सेंट्रिफ्यूजच म्हणतात, तेव्हा तोच शब्द ठेवला. क्षेपणभूमीतून झिरपणाऱ्या द्रवाला तज्ज्ञ लीचेट म्हणतात. मी ठिकठिकाणी काळे पाणी म्हटले आहे, कारण आसपासचे लोक तसे म्हणतात आणि ते वर्णन खरे आहे.

पहिल्या प्रकरणाची सुरुवात यंत्र थांबल्यानंतरच्या घटकेपासून केली आहे. पेटी उघडावी, वरचे पाणी निथळून घ्यावे, आणि मातीचा दंडगोल तारेने कापून त्याच्या पाच-पाच मिलिमीटरांच्या चकत्या पाडाव्यात. प्रत्येक चकतीवर तिची खोली लिहावी, तिच्यातले पाणी पिळून काढून त्यातले क्लोराइड मोजावे, आणि खोली एका अक्षावर व क्लोराइड दुसऱ्या अक्षावर घेऊन बिंदू मांडत जावेत. या कामात दिरंगाई करू नये. पेटी थांबली तरी विसरण चालूच असते, आणि चकत्या पाडायला जितका उशीर होईल तितके ते आलेखाची कडा पुसट करीत राहते.